किल्ली माझ्या कमरेला होती

"वाच. मोठ्याने वाच."

साहेबांनी औषधांची यादी माझ्या छातीवर आपटली आणि मला स्टुलावर चढायला सांगितलं. मी चढलो. कारखान्याच्या दवाखान्याची ती खिडकी. बाहेर पंधरा-वीस कामगार रांगेत उभे. सगळ्यात पुढे माझा थोरला भाऊ. दादा. त्याच्या मुठीत डॉक्टरांची चिठ्ठी होती, घामाने भिजलेली.

मी वाचायला लागलो. अंगदुखीची गोळी. जुलाबाची पावडर. खोकल्याचं औषध, बाटली घरून आणावी. खरजेचं मलम. जंताचं औषध. क्षयाचं इंजेक्शन. क्षयाची पांढरी गोळी.

"अजून मोठ्याने," साहेब म्हणाले. "तुझ्या भावाला ऐकू येत नाही ना?"

रांगेत कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी आवाज चढवला.

"आता सांग सगळ्यांना. यात लाल कॅप्सूल आहे?"

"नाही साहेब."

"कोण म्हणतं नाही?"

"यादी म्हणते साहेब."

"शाब्बास. मीठ खाऊन वाढलेली जात तुमची. असली औषधं पचवायला आधी घरात दूध लागतं रे."

हे म्हणून साहेब त्यांच्या खोलीत गेले. दारावर पाटी होती, 'कामगार कल्याण अधिकारी'. मी स्टुलावरून उतरलो. दादा माझ्या तोंडाकडे बघून हसत होता. त्याला अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं. धाकटा भाऊ स्टुलावर चढून आपल्यासाठी भांडला, असं त्याला वाटलं होतं.

"काय बोलला रं सायेब? देतो बोलला?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. मग त्याची बाही वर केली आणि तेच जुनं इंजेक्शन त्याच्या दंडात खुपसलं.

हे मी आज लिहितो आहे. त्याआधी माझं सांगतो, कारण या गोष्टीतला खरा गुन्हेगार शोधायला साहेबांच्या खोलीपर्यंत जायची गरज नाही.

आमचं गाव वसईच्या खाडीकडचं. बाप मिठागरात. माणसाच्या पायांना भेगा पडून त्यात मीठ शिरलं की तो कसा चालतो ते मी लहानपणापासून पाहिलेलं. दादा चौथीत शाळा सोडून बापाच्या मागे मिठात उतरला, म्हणून मी मॅट्रिक झालो. एका डॉक्टरांच्या हाताखाली सुई टोचायला आणि औषधं द्यायला शिकलो. रेल्वेच्या पूर्वेला कारखाने उभे राहत होते तेव्हा आधी दादा एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात, झाकणं ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर लागला आणि त्यानेच साहेबांच्या पाया पडून मला तिथल्या दवाखान्यात चिकटवलं. कंपाउंडर म्हणून. तात्पुरता. कायम करायचं की नाही ते साहेबांच्या हातात.

कारखान्यात कामगारांच्या पगारातून विम्याचा हप्ता कापत. त्या बदल्यात दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत. पण औषध डॉक्टर ठरवत नसत. यादी ठरवत असे. मुंबईच्या ऑफिसातून ती वर्षातून एकदा यायची आणि मी ती टाइप करून खिडकीवर लावायचो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीही लिहिलं तरी मी यादीवर बोट फिरवायचो. नाव सापडलं तर औषध. नाही सापडलं तर माझ्याकडे शिक्का होता. 'यादीबाहेर'.

तो शिक्का मारताना मला बरं वाटायचं. हे मला सांगायलाच हवं. बापाला ज्यांनी आयुष्यभर "ए मिठ्या" म्हणून हाक मारली, त्यांच्यासारखीच माणसं आता खिडकीत वाकून मला "कंपाउंडरसाहेब" म्हणत होती. मी नाही म्हणालो की ती गप्प परत जात. एकदा एका हमालाने चिडून यादीवर थुंकलं. मी बाहेर जाऊन त्याच्या कानाखाली मारली. तो म्हातारा होता. त्याच्या मुलीला झटके यायचे आणि तिचं औषध यादीबाहेर होतं. मी त्याला मारलं आणि मग ओल्या फडक्याने यादी पुसली.

याद्या दोन होत्या. दुसरी ऑफिसातल्या लोकांची. ती खिडकीवर लागत नसे. तीही मीच टाइप करायचो. तिच्यातली औषधं आतल्या लोखंडी कपाटात असत आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे. त्या कपाटात वरच्या खणात लाल कॅप्सूलची पाकिटं होती. खरेदीखात्याच्या साहेबांच्या सासऱ्यांना क्षय झाला होता, त्यांच्यासाठी आणलेली. म्हातारे बरे होऊन गावी गेले. पाकिटं राहिली. दर शनिवारी मी त्यांच्यावरची धूळ झटकून ती परत जागेवर ठेवायचो.

दादाला क्षय झाला तेव्हा यादीप्रमाणे इंजेक्शन आणि पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. खोकला कमी झाला. रजा संपली, तो परत प्रेसवर बसला. मग एके दिवशी सुई काढताना म्हणाला, "माजे कानान रातकिडा वरडतंय. दिवसाचा पन." मी हसलो. पुढच्या आठवड्यात तो चालताना भिंत धरायला लागला. वहिनी म्हणाली, माउलीच्या देवळातली घंटा झाली तरी उठत नाहीत.

डॉक्टर वाईट नव्हते. घाबरट होते. त्यांनी दादाच्या कानाजवळ घड्याळ धरलं, लांब नेलं, परत आणलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे इंजेक्शन कान खातंय. आत्ता थांबवलं तर जेवढे राहिलेत तेवढे राहतील. पण नुसतं थांबवलं तर आजार उलटेल. बदली लाल कॅप्सूल लागेल." त्यांनी चिठ्ठी लिहिली. तीच चिठ्ठी घेऊन दादा त्या दिवशी रांगेत पहिला उभा होता.

यादीबाहेरच्या औषधासाठी एक वाट होती. खास मंजुरीचा अर्ज. डॉक्टरांनी कारण लिहायचं, कल्याण अधिकाऱ्यांनी पुढे पाठवायचं, मुंबईने ठरवायचं. स्टुलाच्या प्रकारानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांनी तो अर्ज भरला. 'श्रवणशक्ती जाण्याचा धोका' असं स्वच्छ लिहिलं. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब त्या दिवशी गोड होते. मला बसायला सांगितलं. पहिल्यांदाच.

"तुझ्या कायमच्या नेमणुकीचा कागद पण मुंबईलाच जायचा आहे," ते म्हणाले. "एकाच पाकिटात दोन्ही गेले तर काय दिसेल? कंपाउंडर घरच्यांसाठी यादी मोडतो. आजवर तू कोणासाठी मोडली नाहीस. तोच तुझा लौकिक."

मग अर्ज माझ्याकडे सरकवला. "बघ बाबा. माझी काही जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नव्हती. कोणी माझा हात धरला नाही. मी अर्जावर आडवं लिहिलं, 'रुग्णाच्या नातेवाइकाच्या विनंतीवरून अर्ज मागे घेत आहे.' खाली सही केली. अर्ज परत नेऊन दवाखान्यातल्या माझ्या खणात टाकला. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आपण फार सचोटीचे आहोत असं वाटलं. त्या हमालाला मारलं होतं ना. मग भावासाठी यादी कशी मोडायची? सगळ्यांना सारखं नाही म्हणणं यालाच मी न्याय समजत होतो.

त्यानंतर सहा आठवडे मी दादाला स्वतःच्या हाताने इंजेक्शनं दिली. पाणी उकळायचं, सुई उकळायची, बाही वर करायची. पाठीमागे हातभर अंतरावर कपाट. किल्ली माझ्या कमरेला. दादा दर वेळी विचारायचा, "आली का रं मंजुरी?" आधी मी ओरडून सांगायचो, येईल. नंतर ओरडूनही उपयोग राहिला नाही. मी हाताने खूण करायचो. येईल. येईल.

प्रेसवर डाय म्हणजे साचा बसवणारा बस्त्याव नावाचा फिटर होता, गिरीजचा. त्याच्या वाडीतली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, तो दादासाठी केळीच्या सोपात बांधून आणायचा. छातीला बळ येतं म्हणायचा. प्रेसवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तोच शिकवी, आणि त्याची एक रीत होती. पहिले दोन दिवस नव्या माणसाच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला प्रेसशेजारी बसवायचं. नुसतं ऐकायचं. पायाने पेडल दाबलं की प्रेस एकदाच खाली यायला हवी. पण कधीकधी खटका सुटत नाही आणि ती आपोआप दुसऱ्यांदा येते. त्याला डबल म्हणतात. डबलच्या आधी प्रेस एक कोरडा आवाज करते, दात खाल्ल्यासारखा. तो ऐकला की हात मागे. डोळे तिथे कामाचे नाहीत. बघेपर्यंत बोटं गेलेली असतात.

बस्त्याव एकदा खिडकीवर आला. "कंपाउंडर, तुझ्या भावाचं काय चाललंय? मी मागून हाक मारली, वळला पण नाय."

"धुंदीत असेल."

"धुंदीत? प्रेसवर कानाने हात वाचतो, बाबा. कान गेला तर त्याला सांग, झाडू मार, पॅकिंगला बस. लाजू नको."

मी दादाला सांगितलं नाही. पॅकिंगला पगार कमी होता म्हणून नाही. कान गेला हे सांगायचं तर का गेला हेही सांगावं लागलं असतं. आणि दादा आपल्या परीने बहिरेपण लपवत होता. लोकांच्या तोंडाकडे बघायचा, ते हसले की हसायचा.

भर दुपारी झालं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी सुया उकळत होतो. प्रेसखात्यातून ओरडा आला आणि मग सगळ्या मशिनी एकेक करून थांबल्या. कारखाना इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. बस्त्याव दादाला खांद्यावर टाकून धावत आला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला आणि फडक्यातून रक्ताची धार. मी फडकं सोडलं. अंगठा होता. बाकीची चार बोटं नव्हती. तळव्याच्या कडेला डब्याच्या झाकणाचा गोल उमटला होता. अर्धवट. वरच्या नक्षीसकट.

"डबल पडली," बस्त्याव म्हणाला. "असली दात खाल्ली तिने, की मला त्या टोकाला ऐकू आली. मी बोंबललो. सगळे बोंबलले. हा आपला वाकून झाकण काढतोय."

दादा माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता, मी काय सांगतो त्याची वाट बघत. मी मान खाली घातली आणि पट्टी बांधली. हातगाडीवर घालून त्याला वसईच्या इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यात आली. तिला डॉक्टरांनी अर्जाबद्दल सांगितलं होतं. त्यांना ते पेलवलं नसावं.  खिडकीतून हात आत घालून तिने माझा शर्ट धरला, मला पुढे ओढलं आणि मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चप्पल काढून. रांगेतल्या कोणी तिला अडवलं नाही. मग ती म्हणाली, "तुज्या शिक्षनासाठी त्या हातानं मीठ ओढलं रं." आणि गेली.

तोंडात रक्ताची चव घेऊन मी उभा होतो तेव्हा शिपाई आला. साहेबांनी बोलावलंय.

साहेबांपुढे अपघाताचा कागद होता. त्यावर दवाखान्याचीही नोंद लागे. "लिही," ते म्हणाले. "कामगाराची प्रकृती ठणठणीत होती. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला. सही कर. आणि हे बघ." त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. माझी कायमची नेमणूक. मुंबईहून आलेली. "दोन्ही आज उरकू."

मी पेन उचललं. 'कामगाराची' असं लिहिलं. खरंच लिहिलं. पुढे 'प्रकृती' लिहायला गेलो आणि हात चालेना. झाकणाची ती नक्षी दिसायला लागली. ती नक्षी मी रोज बघत होतो, आमच्या घरातल्या पिठाच्या डब्यावर पण तीच होती.

"काय झालं? हाताला लकवा भरला? घरातला एक हात गेला तेवढा पुरे नाही का?"

हे ते हसून म्हणाले. विनोद केला होता त्यांनी.

मी उठलो. दवाखान्यात गेलो. कपाट उघडलं. लाल कॅप्सूलची सगळी पाकिटं उचलली आणि परत त्यांच्या खोलीत येऊन आतून कडी घातली. पहिला ठोसा नाकावर बसला. चष्मा फुटला. ते खुर्चीसकट मागे पडले तसा मी छातीवर बसलो. पाकिटं दातांनी फाडली. कॅप्सूल मुठीमुठीने त्यांच्या तोंडात कोंबल्या. "घे. तुझ्या घरात दूध आहे ना? पचतं का बघ." कॅप्सूल त्यांच्या दातांखाली फुटल्या आणि लाल भुकटी ओठांवरून, हनुवटीवरून, पांढऱ्या शर्टावर उतरली. मला वाटलं रक्त आहे. मला आनंद झाला. रक्त नाही, औषध आहे, हे कळलं तेव्हा मी जास्तच मारलं. ज्या औषधाने माझ्या भावाचे कान राहिले असते ते मी एका माणसाच्या नरड्यात वाया घालवत होतो.

दार फोडून बस्त्यावने मला ओढून काढलं. "मरेल तो! सोड! अरे, तू फासावर जाशील, आणि हा शहीद होईल!"

मारल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण अभिमानही नाही. त्या दिवशी मी अर्धी मारहाण तरी माझीच केली होती, अंग तेवढं साहेबांचं होतं. सहा आठवडे कपाट उघडायला मला फक्त किल्ली फिरवायची होती. ती मी फिरवली केव्हा? तर मारायला.

पोलिसांनी नेलं. दोन दिवस कोठडीत काढले. तिथेही मार खाल्ला. नोकरी गेली ते सांगायला नको. जामिनावर सुटलो तेव्हा कमरेला किल्ली नव्हती, पण घरी पत्र्याच्या पेटीत दोन कागद होते. वहिनी मारून गेली आणि शिपाई यायचा होता तेवढ्यात मी ते खणातून काढून शर्टात घातले होते, पोलीस येण्याआधी बस्त्यावच्या हाती दिले आणि त्याने ते घरी पोचवले होते. एक, माझ्या सहीचा मागे घेतलेला अर्ज. दुसरी, ऑफिसवाल्यांच्या यादीची कार्बन प्रत.

दादा इस्पितळातून घरी आला होता. ओटीवर बसला होता. मी त्याच्यासमोर अर्ज ठेवला. बोलून कळणार नव्हतं. चौथीपर्यंतचं वाचन, एकेका अक्षरावर बोट ठेवत तो वाचत गेला. डाव्या हाताचं बोट. माझ्या सहीवर बोट थांबलं. 

मला वाटलं, मारेल. मारावं म्हणून मी गुडघ्यांवर बसलो. त्याने मारलं नाही. कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि उठून चालायला लागला. मी मागे. आधी चालत, मग एसटीने पूर्वेला, मग पुन्हा चालत कारखान्याच्या फाटकापर्यंत. 

पाळी बदलायची वेळ होती. आतले बाहेर येत होते, बाहेरचे आत जात होते. फाटकासमोरच्या चहावाल्याचं बाकडं दादाने एका हाताने ओढून मधोमध आणलं.

"चढ."

मी चढलो.

"वाच. मोठ्यान वाच." त्याचा स्वतःचा आवाज आता फार मोठा झाला होता, बहिऱ्या माणसाचा होतो तसा. "मना नाय ऐकू येनार. त्यांना ऐकू दे."

मी वाचला. माझं अक्षर, माझं वाक्य, माझी सही. 'श्रवणशक्ती जाण्याचा धोका' हे डॉक्टरांचं वाक्य वाचलं आणि त्याच्यावर मी आडवं काय लिहिलं तेही वाचलं. गर्दीतून दगड आला. माझ्या भुवईवर बसला. तो हमाल असेल का, मी बघितलं नाही. त्याचा हक्क होता. डोळ्यात रक्त उतरलं तरी मी थांबलो नाही. दुसरा कागद काढला. ऑफिसवाल्यांची यादी. झटक्यांचं औषध, ते म्हाताऱ्या हमालाच्या मुलीचं. दम्याचं औषध. लाल कॅप्सूल. एकेक नाव वाचत गेलो तशी गर्दी गप्प झाली. मग कोणीतरी मागून विचारलं, "हे आपल्याच कारखान्यातलं?"

"आपल्याच. त्याच खोलीत. एका भिंतीच्या आत."

दुसरा दगड माझ्यावर आला नाही. कल्याण अधिकाऱ्याच्या खिडकीवर गेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. खटला चालला, मला शिक्षा झाली, भोगली. साहेब बदलून गेले. दादाचा आजार उलटला नाही, कान परत आले नाहीत, बोटं तर नाहीतच. डाव्या हाताने तो जाळी विणायला शिकला. त्याने मला माफ केलेलं नाही. मी मागितलेली नाही. तो माझ्याशी खुणेने बोलतो, गरजेपुरतं.

मी आता या पट्ट्यातल्या एकेका कारखान्याच्या फाटकावर जातो. बस्त्याव बरोबर असतो, नसला तर एकटा. विम्याचा हप्ता कापतात ना तुमचा, विचारतो. मग खिडकीवर लावलेली यादी बघू नका, ती तुमच्यासाठीच लावलेली आहे. न लावलेली मागा. कुठे रखवालदार हाकलतात, कुठे मारतात. गेल्या महिन्यात दोन दात गेले. उरलेल्या दातांनी बोलता येतं. जिथे एका भिंतीच्या आत दोन याद्या असतील तिथे मी बाकडं ओढणार, त्यावर चढणार, आणि सगळ्यात आधी माझी स्वतःची सही वाचणार. मग तुमची यादी, साहेब. मोठ्याने. तुम्ही मला तेवढं एक नीट शिकवलंत.